ग्रॅव्हल सायकलिंग: रेडिंगहून कालव्याने एव्हबरी, रिजवेने परत

केनेटकाठी (रेडिंग)

दक्षिण इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांनी गेल्या काही वर्षांत ऑफिसच्या योजनेतून चांगल्या ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवरही चालणाऱ्या सायकली, घेतल्या आहेत. पण त्यातल्या पुष्कळ सायकली घर ते स्टेशन एवढ्याच फिरतात. म्हणून हा धागा. रेडिंगहून निघून रेडिंगलाच परत येणारा सुमारे १७० किलोमीटरचा फेरा देतो आहे. जाताना केनेट अँड एव्हन कालव्याचा काठ, येताना रिजवे ही प्राचीन डोंगरवाट आणि शेवटी चिल्टर्न टेकड्यांमधलं बीच झाडांचं रान. सवय असलेल्यांनी दोन दिवस ठेवावेत. बाकीच्यांनी तुकड्यांनी करावा.

आधी नियम, कारण त्याशिवाय इथल्या रानात सायकल काढण्यात अर्थ नाही. वाट रुंद आहे, कोरडी आहे, सायकल सहज जाईल, यावरून इथे काहीच ठरत नाही. त्या वाटेवर कोणाचा हक्क नोंदलेला आहे ते बघायचं. फूटपाथ फक्त चालणाऱ्यांचा, त्याचा बाण पिवळा. ब्राइडलवे चालणाऱ्यांचा आणि घोडेस्वारांचा, बाण निळा. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने ब्राइडलवेवर सायकलला परवानगी मिळाली, पण पादचारी आणि घोडेस्वार यांना वाट देण्याच्या अटीवर. जांभळा बाण म्हणजे रिस्ट्रिक्टेड बायवे आणि लाल म्हणजे सर्व वाहनांना खुला बायवे. या दोन्हींवर सायकल चालते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० एक्सप्लोरर नकाशावर हे हिरव्या खुणांनी दाखवलेलं असतं: आखूड तुटक रेघा फूटपाथच्या, लांब तुटक रेघा ब्राइडलवेच्या. एवढं वाचता आलं की अख्खा परगणा तुमच्यापुढे उघडतो. स्कॉटलंडात २००३ च्या कायद्यामुळे जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला जवळजवळ सगळीकडे जाता येतं. इंग्लंडात तसं नाही, आणि मला हे मनापासून खटकतं. शेजारी-शेजारी दोन सारख्याच वाटा, त्यातली एक आपली आणि एक नाही, याचं कारण बहुधा कधीकाळी कोणी काय नोंदवलं एवढंच असतं.

आता वाट. केनेट अँड एव्हन कालवा रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत ८७ मैल. जॉन रेनी हा त्याचा अभियंता, आणि पूर्ण मार्ग १८१० मध्ये खुला झाला. पुढे १८५२ मध्ये तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ताब्यात गेला आणि रेल्वेला स्वतःच्या स्पर्धकाची निगा राखण्यात काय रस असणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॉक (बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे पाणकप्पे) मोडकळीला आले, पाणी आटलं. स्वयंसेवकांनी दशकानुदशकं गाळ उपसून, वर्गण्या काढून तो परत जिवंत केला आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा सुरू झाला. काठाने जाताना हे लक्षात ठेवा. आपण फुकट वापरतो ती वाट लोकांनी वाचवलेली आहे.

रेडिंग ते न्यूबरी हा पट्टा सोपा. थीलजवळचा गार्स्टन लॉक आणि थॅचमचा मंकी मार्श लॉक बघायला थांबा. लॉकच्या भिंती सहसा दगड-विटांच्या असतात. या दोन्हींत वरच्या भागात गवताचे उतार आहेत. असे दोनच उरलेत. झुडपांत मधूनमधून काँक्रीटच्या बुटक्या चौक्या दिसतील. १९४० मध्ये जर्मन उतरले तर त्यांना अडवायला कालव्याच्या रेषेवर संरक्षण फळी उभारली होती, तिचे हे अवशेष.

न्यूबरीच्या पुढे वाट अरुंद होते, गवत वाढलेलं असतं, वेग निम्म्यावर येतो. हंगरफर्डच्या कुरणात गुरं थेट काठावर चरतात. वासरू बरोबर असलेली गाय दिसली तर उतरा, लांबून वळसा घ्या, गाय आणि वासरू यांच्या मधून अजिबात जाऊ नका. पुढे क्रॉफ्टन. कालव्याचा सर्वांत उंच भाग इथे येतो आणि तिथे आपोआप पाणी पोचत नाही, म्हणून खालच्या विल्टन वॉटर तलावातून ते वर चढवावं लागतं. त्यासाठी बसवलेलं १८१२ चं बोल्टन अँड वॉटचं वाफेचं इंजिन मूळ जागी आहे आणि ठरावीक दिवशी आजही वाफेवर चालवून दाखवतात. तो दिवस साधता आला तर साधाच. लगेच पुढे ब्रूस बोगदा: ५०२ यार्ड, आत काठवाट नाही. पूर्वी बोटी भिंतीवरची साखळी ओढत पुढे नेत आणि घोडा डोंगरावरून पलीकडे जाई. आपणही घोड्याच्याच वाटेने वरून जायचं.

प्यूझी सोडल्यावर हनीस्ट्रीटपाशी कालव्याचा निरोप घ्या. समोरच्या उतारावर गवत काढून खालचा पांढरा खडूचा खडक उघडा करून काढलेला आल्टन बार्न्सचा पांढरा घोडा दिसतो, तो १८१२ चा. तिथून चढ. माथ्यावरून ईस्ट केनेटकडे उतरलात की सिल्बरी हिल, वेस्ट केनेटचं दगडी थडगं आणि एव्हबरीचं शिलावर्तुळ हे सगळं थोड्या अंतरात. एव्हबरीचं वर्तुळ स्टोनहेंजपेक्षा कितीतरी मोठं आहे, इतकं की त्याच्या पोटात गावाचा मोठा भाग मावला आहे. मुक्काम या बाजूला कुठेतरी करावा.

दुसऱ्या दिवशी ओव्हरटन हिलवरून रिजवे. पूर्ण वाट ८७ मैल, आयव्हिंगहो बीकनपर्यंत. आपण स्ट्रीटलीपर्यंतचा पश्चिम अर्धा भाग घेतो, कारण तो सायकलला खुला आहे. बार्बरी कॅसल, लिडिंग्टन, अफिंग्टन असे लोहयुगीन किल्ले ओळीने येतात. अफिंग्टनचा पांढरा घोडा सुमारे तीन हजार वर्षांचा. त्याच्या अलीकडे वेलंड्स स्मिदी हे नवाश्मयुगीन थडगं आहे. घोडा आणि नाणं तिथे ठेवून दूर गेलं तर अदृश्य लोहार नाल ठोकून देतो, अशी दंतकथा.

दिशा मुद्दाम अशी ठेवली आहे. इथला वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येचा. जाताना कालव्याकाठची झाडं-झुडपं तो अडवतात, आणि उघड्या डोंगरमाथ्यावर परतताना तोच वारा पाठीशी येतो. उलट दिशेने गेलेल्यांचे हाल होतात.

गोरिंगला थेम्स ओलांडून चिल्टर्न. थेट रेडिंगला उतरू नका. वुडकोट, चेकेंडनमार्गे बीचच्या रानातून स्टोक रो गाठा. या एवढ्याशा खेड्यात काशीनरेशांनी खणवलेली विहीर आहे! जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड ब्रिटिश राजवटीतल्या वायव्य प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशाच्या बाजूला) मोठ्या हुद्द्यावर होते. आपल्या गावाकडे उन्हाळ्यात पाण्याचे कसे हाल होतात, घरातलं शेवटचं पाणी प्यायल्याबद्दल एका मुलाने कसा मार खाल्ला, हे त्यांनी महाराजा ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितलं होतं. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि विहीर दान केली. १८६४ मध्ये ती खुली झाली. ३६८ फूट खोल, चार फूट रुंद, पूर्ण हातांनी खणलेली. वर घुमट, खाली रहाटावर सोनेरी हत्ती. इंग्लंडच्या रानात हिंदुस्थानातून आलेलं दान पाहून मला जे वाटलं ते प्रत्येक भारतीयाने एकदा जाऊन अनुभवावं.

इतकं खोल का जावं लागलं? याच खडूमुळे. खडूचा खडक पाणी धरत नाही, ते खाली झिरपून जातं. म्हणून डोंगरावर ओढे नाहीत, म्हणून रिजवेची वाट पाऊस थांबल्यावर लवकर सुकते, आणि म्हणूनच हजारो वर्षं माणसं दरीचा चिखल टाळून माथ्यावरून चालत आली. पाण्याच्या बाटल्याही त्याच कारणाने भरून घ्यायच्या. माथ्यावर नळ मोजकेच आहेत.

सायकलवेडी

केनेटकाठी, वाचनखूण साठवली. विहिरीचं माहीतच नव्हतं, चिल्टर्नमध्ये राहून!

आमच्या हेमेल हेम्पस्टेडकडच्यांसाठी ग्रँड युनियन कालव्याची भर घालते. लंडन ते बर्मिंगहॅम १३७ मैल, १६६ लॉक. सगळा करायची गरज नाही. हेमेल ते ट्रिंग हा तुकडा घ्या, बर्कहॅमस्टेडचा किल्ला वाटेत लागतो, आणि ट्रिंगजवळचे मार्सवर्थचे जलाशय पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. हे जलाशयही कालव्याच्या माथ्याला पाणी पुरवायलाच बांधलेले, तुमच्या क्रॉफ्टनसारखी तीच अडचण. परतताना ॲशरिजच्या रानातून ब्राइडलवेने या. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत ब्लूबेल फुलतात, जमीन दिसत नाही इतकी. कृपा करून फोटोसाठी वाट सोडून आत सायकल घालू नका. तुडवलेला पट्टा सावरायला वर्षं जातात.

आणि वर बघत राहा. लाल घारी! इंग्लंडातून नाहीशा झालेल्या. १९८९ पासून स्पेनमधून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली, आता डोक्यावर सतत घिरट्या घालतात.

बाभूळकाटा

टायर कोणते? माझ्या सायकलला ३२ मिमीचे आहेत. न्यूबरीच्या पुढे निभतील का? मागच्या हिवाळ्यात कालव्याकाठी पंक्चरने जीव नकोसा झाला होता.

केनेटकाठी

कोरड्या उन्हाळ्यात न्यूबरीपर्यंत निभतील. रिजवेवर नाही. तिथे ४० ते ४५ मिमी घ्या, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करून आत सीलंट, म्हणजे छोटी भोकं आपोआप बुजवणारा द्रव, आणि हवा कमी ठेवा. माझं वजन साधारण ७० किलो आहे, मी हवेचा दाब ३५ पीएसआयच्या आसपास ठेवतो. खडूतून चकमकीचे दगड वर येतात, त्यांची धार पात्यासारखी असते आणि बाजूच्या पातळ रबरावर चीर पाडते. ती सीलंटने बुजत नाही, म्हणून आतून लावायचा जाड तुकडा आणि एक ट्यूब जवळ असू द्या.

हिवाळ्यातल्या पंक्चरचं कारण वेगळं. पाखरांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, शेतांच्या कुंपणांची छाटणी बंद असते. त्यामुळे सगळी छाटणी सप्टेंबरनंतर होते आणि ब्लॅकथॉर्न, हॉथॉर्नचे काटे वाटेवर पसरतात. ताजी छाटलेली कड दिसली की शंभर पावलं उतरून चाला. काटा लागलाच तर ट्यूबलेसमध्ये तो घरी पोचेपर्यंत उपटू नका.

लॉकवाली मावशी

मी एका कालव्यावर स्वयंसेवक लॉककीपर आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते.

ही वाट घोड्यांनी बोटी ओढाव्यात म्हणून बांधली गेली. अशा कालव्यांवरच्या जुन्या पुलांच्या कडांवर ओढदोरांनी पडलेल्या खाचा अजून दिसतात. रुंदी एका घोड्यापुरती, आणि पुलाखाली तर दोन माणसंही शेजारून जाऊ शकत नाहीत. पुलापलीकडचं काहीच दिसत नाही. तिथे कोणी मूल असतं, कोणी बोट थांबवून खुंटी ठोकत असतो, कोणी लॉक उघडायची कळ हातात घेऊन पाठमोरा उभा असतो. पुलापाशी जवळजवळ थांबण्याइतका वेग कमी करा आणि घंटी वाजवा. बांधलेल्या बोटींचा दोर वाटेवर आला आहे का बघा. लॉकचा दरवाजा ढकलायच्या लांब दांड्याला सायकल टेकवू नका, तो दांडा फिरतो.

इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैल जलमार्ग २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. सायकलला परवाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच आहे की काठावर पहिला मान चालणाऱ्याचा.

सुसाट

मावशी, आदर राखून सांगतो, सगळा दोष सायकलवाल्यांवर टाकू नका. मी रोज कामाला कालव्याकाठाने जातो, कारण शेजारच्या रस्त्यावर सायकल चालवणं जिवावरचं आहे. दोन्ही कानांत हेडफोन, कुत्र्याचा लांब पट्टा वाटेवर आडवा, घंटी वाजवली तरी वळून बघत नाहीत. आणि घंटी वाजवली तर काही जण ओरडतात, नाही वाजवली तरी ओरडतात.

लॉकवाली मावशी

तुमचा त्रास खरा आहे आणि रस्ते असे ठेवणाऱ्यांवरचा रागही योग्य आहे. पण तुमच्या घंटीला उत्तर न देणारा माणूस बहिराही असू शकतो. माझ्या लॉकवर रोज येणारे एक आजोबा तसेच आहेत. घंटी म्हणजे "मी आलोय" एवढंच सांगणं. तो बाजूला होईपर्यंत मागे थांबायचं, मग तोंडाने "गुड मॉर्निंग" म्हणून जायचं. घाई असेल त्या दिवशी रस्ता किंवा रेल्वे.

सुसाट

आजोबांचं लक्षात ठेवीन. पटलं.

टेकडीकर

घोड्यांबद्दलही लिहा कोणीतरी. ब्राइडलवेवर घोडा समोर आला की मी गोंधळते.

केनेटकाठी

समोरून आला तर थांबा, बाजूला व्हा, स्वाराला बोलू द्या. मागून गाठलात तर बरंच अंतर ठेवून मोठ्याने "हॅलो, सायकल आहे" असं म्हणा. माणसाचा आवाज घोड्याला ओळखीचा असतो; पायडल न मारता चाक फिरताना होणारी फ्रीव्हीलची कटकट आणि अचानक ब्रेक यांनी तो बुजतो. स्वाराने खूण केल्यावर हळू आणि लांबून पुढे जा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

पर्वतीकर काका (पुणे)

उत्तम धागा. मे महिन्यात मुलाकडे थॅचमला येतो आहे. वय ६६, पुण्यात रोज सायकल चालवतो, पण रस्त्यावर. भाड्याची सायकल घेऊन झेपेल असं काय आहे? एकटाच असेन, मुलगा आठवडाभर कामात.

केनेटकाठी

काका, तुम्ही अगदी योग्य ठिकाणी उतरताय. कालवा थॅचम स्टेशनजवळूनच जातो. पहिल्या दिवशी थॅचम ते न्यूबरी जाऊन या, मंकी मार्श लॉक बघा. मग थॅचम ते हंगरफर्ड करा आणि परत रेल्वेने या. या कालव्याची हीच मोठी सोय आहे. रेडिंगपासून प्यूझीपर्यंत रेल्वे आणि कालवा बरोबरीने जातात: थील, ऑल्डरमास्टन, मिजम, थॅचम, न्यूबरी, किंटबरी, हंगरफर्ड, बेडविन, प्यूझी. कुठेही दमलात तरी स्टेशन फार लांब नसतं. सायकल साधी जाड टायरची घ्या, गिअर असलेली. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागू शकते, ते मुलाला बघायला सांगा.

आणि प्रत्येक पुलावर क्रमांकाची पाटी असते. मुलाला फोन करताना "पूल क्रमांक अमुक" सांगितलं की नकाशावर तुम्ही नेमके कुठे आहात ते कळतं.

लीड्सकर

उत्तरेकडच्यांना विसरू नका! लीड्स-लिव्हरपूल कालवा १२७ मैल. काका, इकडे आलात तर लीड्स ते बिंगली जरूर करा. वाट चांगली बांधलेली, वाटेत सॉल्टेअर, म्हणजे टायटस सॉल्टने एकोणिसाव्या शतकात कापड गिरणीच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव, २००१ पासून जागतिक वारसा. गिरणगावात वाढलेल्या माणसाला तिथल्या दगडी चाळवजा रांगा बघून खूप काही आठवेल. शेवटी बिंगलीचे पाच लॉक, एकाला एक जोडून जिन्यासारखे, १७७४ चे. परतायला रेल्वे आहेच.

टेकडीकर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी काय करायचं? मला हिवाळ्यात घरात बसवत नाही.

सायकलवेडी

ओला खडू साबणासारखा निसटतो आणि टायर-फ्रेमच्या फटीत लगदा होऊन चाक अडवतो. चिल्टर्नच्या माथ्यावर खडूवर चिकणमातीचा थर आहे, तो तर त्याहून वाईट. त्या दिवसांत मी वनखात्याचे खडी टाकलेले रस्ते किंवा जुने रेल्वेमार्ग धरते. बाथचा टू टनेल्स घ्या: १९६६ मध्ये बंद झालेल्या सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेचा मार्ग, २०१३ मध्ये सायकलींना खुला. त्यातला कूम डाऊन बोगदा मैलाहून लांब आहे, आत पाऊस नाही, वारा नाही. दक्षिणेतलं न्यू फॉरेस्ट हे रान-माळही चालेल, पण तिथे फक्त आखून दिलेल्या खडीच्या वाटांवरच सायकल चालते. माळावर शिरू नका, मोकळी तट्टं असतात आणि अंधारात रस्त्यावर उभी राहतात.

बाभूळकाटा

केनेटकाठी, एक राहिलं. गोरिंगच्या पुढेही रिजवेच्या पाट्या दिसतात. तसंच सरळ आयव्हिंगहोपर्यंत गेलं तर?

केनेटकाठी

पाटीवरचं ओकफळ ही नॅशनल ट्रेल म्हणजे राष्ट्रीय पायवाटेची खूण, ते चालणाऱ्यांसाठी पूर्ण वाटेवर असतं. गोरिंगच्या पुढे काही तुकडे ब्राइडलवे आहेत आणि बरेच निव्वळ फूटपाथ. फूटपाथवर सायकल चालवणं सहसा गुन्हा नसतो, पण जमीनमालकाच्या दृष्टीने ते अतिक्रमण, आणि काही ठिकाणी स्थानिक नियमाने गुन्हाही. म्हणून मी तिथे रिजवे सोडतो. पूर्वेलाच जायचं असेल तर एक्सप्लोरर १७१ आणि १८१ हे नकाशे घ्या, लांब तुटक रेघा जोडत जा, मध्ये छोटे रस्ते वापरा. विहिरीपर्यंत यायला १७१ पुरतो. येत्या रविवारी हवा कोरडी असेल तर मी गोरिंग स्टेशनवरून सकाळी साडेनऊला त्या बाजूला निघतोय. कोणाला यायचं असेल तर इथेच कळवा, वेग सगळ्यांत मागच्याचा असेल.